दहा बोटं, अकरा काचा

मी बी.एस्सी. आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या काळी मी ते सगळ्यांनाच सांगायची. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईला, भाजीवालीला, एकदा तर तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरलाही. तो म्हणाला, "बरं झालं, आता जरा आत सरका."

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचा दरवाजा पाहिला नव्हता. आई-बाप दुसऱ्याच्या भाताच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करायचे आणि मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात बेडकाचं पोट फाडत होते. आई विचारायची, "बेंडूक फाडून कोन्ती नौकरी लागते वं?"

लागली. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नवा-नवा वेगळा झाला होता, माणसं हवी होती. जंगलाच्या तोंडाशी एक तीन खोल्यांचा सरकारी दवाखाना होता. तिसऱ्या खोलीत एक टेबल, एक खिडकी आणि एक मायक्रोस्कोप. तो मायक्रोस्कोप माझा. म्हणजे सरकारचा, पण त्याला फडक्यानं पुसायची मी, रात्री कापडात गुंडाळून ठेवायची मी, आणि दुसऱ्या कुणी हात लावला तर ओरडायचीही मीच.

काम मलेरियाचं. आमच्या भागात ताप म्हणजे मलेरिया, हे गृहीतच असायचं. गावोगाव मलेरियावाले कर्मचारी फिरायचे. ताप आलेल्या माणसाचं बोट सुईनं टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, काचेवर पेन्सिलीनं नंबर घालायचा, नंबरापुढे यादीत नाव, वय, गाव लिहायचं. काचा लाकडी डब्यात घालून माझ्याकडे. मी त्या रंगवायची आणि एकेक काच बघत बसायची. जंतू आहे की नाही, एवढंच. रजिस्टरात दोनच रकाने होते: आहे, नाही. रक्तात दुसरं काही असू शकतं, हे रजिस्टर छापणाऱ्याला माहीतच नव्हतं.

या मलेरियावाल्यांत एक होता, त्याला मी भाऊ म्हणायची. मूळचा कोरपन्याकडचा, कापसाच्या मुलखातला. बायको-लेकरं तिकडे, आणि हा इकडे जंगलातल्या एका गोंड गावात खोली घेऊन राहायचा. माणूस हाडकुळा, सायकल त्याच्यापेक्षा वजनदार. पण वर्षभरात त्याचं पोट मात्र सुटलं होतं. हातपाय काड्यांसारखे आणि मध्ये पोट. आम्ही त्याला फार छळायचो.

"भाऊ, सरकारी पगार पोटात जमा होऊन राह्यला का?" मी विचारायची.

तोही शर्टावरून हात फिरवत म्हणायचा, "मंग? बाबूच्या पोटावरूनच तं बाबू वळखते, बाई."

सांगायचं म्हणजे, हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा.

मे महिन्यात त्याचा डबा आला. त्या महिन्यात काचा कमी यायच्या, म्हणून डबा भरलेला बघून मला बरं वाटलं. पहिली काच लावली. तेलाचा थेंब टाकला, डोळा लावला आणि मागे सरकले. पुन्हा डोळा लावला.

एरवी एका नजरेच्या टप्प्यात तांबड्या पेशींच्या गर्दीत एखाद-दुसरी पांढरी पेशी दिसते. आठवडी बाजारात जशी टोपीवाली माणसं, तशी. इथं टोपीवाल्यांचाच बाजार भरला होता. जिकडे काच सरकवावी तिकडे पांढऱ्या पेशी. मोठ्या, लहान, अर्धवट वाढलेल्या, एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. असं चित्र मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, ट्रेनिंगच्या पुस्तकात. खाली लिहिलं होतं: रक्ताचा कर्करोग.

दुसरी काच लावली. तेच. तिसरी. तेच. रंगात गडबड झाली असेल म्हणून त्याच दिवशी रंगवलेल्या दुसऱ्या गावाच्या काचा पाहिल्या, त्या साफ होत्या. पुन्हा भाऊच्या डब्याकडे. अकरा काचा, अकरा नावं, अकराही काचांवर तोच बाजार.

आता खरं सांगते, लाजेची गोष्ट आहे. मला आनंद झाला. एवढ्याशा गावात अकरा माणसांना ब्लड कॅन्सर, आणि तो शोधला कुणी? रोवणा करणाऱ्याच्या पोरीनं. मी खुर्चीतून उठले, खोलीत गोल फिरले, पुन्हा बसले. मुंबईहून मोठे डॉक्टर गाड्या घेऊन येतील, विचारतील, "त्या बाई कोण?" आई सांगेल, "बेंडूक फाडे ना, तीच." एवढं सगळं मनात झाल्यावर मग आठवलं, की अकरा माणसं मरायला टेकली आहेत. तेव्हा यादीतली नावं पुन्हा एकदा वाचली. पण पहिल्यांदा आनंदच झाला होता.

डॉक्टरसाहेब तिकडे पुण्याकडचे, नवीनच आलेले, जंगलाला आणि आमच्या बोलण्याला सारखेच बिचकणारे. मी त्यांना ओढतच आणलं. त्यांनी चार काचा पाहिल्या, चष्मा पुसला, पाचवी पाहिली.

"बाई, हे ल्युकेमियाच दिसतंय."

"अकराही, साहेब."

"अकरा कसे असतील? हा काही साथीचा रोग आहे का? मी शिकत होतो तेव्हा वॉर्डच्या वॉर्ड या पेशंटनी भरलेला पाहिलाय. पण तिथं कुठकुठल्या जिल्ह्यांतून माणसं यायची, म्हणून भरलेला. एका गावात एखादा निघाला तरी नवल."

"मग पाण्यात काही असेल."

"पाण्यात काय असणार?"

"ते मला काय माहीत? मी बी.एस्सी. आहे, एम.बी.बी.एस. तुम्ही आहात."

साहेब जागचे उठले आणि त्यांनी जीप काढायला सांगितली.

जीपचा ड्रायव्हर आमच्याच भागातला, पिक्चरचा भारी शौकीन. ब्रह्मपुरीला गेला की एक खेळ बघितल्याशिवाय परत येत नसे. आम्ही कुठे आणि कशाला चाललोय हे कळल्यावर तो खो-खो हसला.

"ब्लड कॅन्सर? त्या गावात? बाई, ब्लड कॅन्सर हिरोले होते. बंगला पायजे, पियानो पायजे. पह्यले खोकलते, मंग रुमालावर रक्त, मंग एक गानं म्हनते, मंग मरते. आपल्या इकडच्या मानसाले कोन देईन ब्लड कॅन्सर?"

"अकरा जणांना झालाय," मी म्हटलं.

"अकरा हिरो!" त्यानं गियर टाकला. "मंग तं हिरोइनी किती असतीन?"

मी हसले. साहेब हसले नाहीत. पण नंतर कितीदा तरी वाटलं, की आमच्यापैकी कुणाजवळही धड हिशेब नव्हता. ड्रायव्हरच्या पिक्चरांत बघावं तर दर दुसऱ्या हिरोला हा रोग. साहेबांच्या वॉर्डात बघावं तर खाटेखाटेला. माझ्या रजिस्टरात बघावं तर साऱ्या जंगलात एकालाही नाही, कारण त्याला रकानाच नव्हता. आणि मी अकरा काचा मांडीवर घेऊन चालले होते.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तेंदूपत्त्याचा, विडीच्या पानांचा, हंगाम. पहाटेच सगळं गाव पानं तोडायला जंगलात जातं, उन्हं चढल्यावर परत येतं आणि सावलीत बसून पुडे बांधतं. मोहाच्या झाडाखाली सगळे बसलेच होते. आमची जीप बघून भाऊ आपल्या खोलीतून धावत आला. माझ्या हातात डबा दिसला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं लटकलं.

साहेबांनी यादी काढली आणि पहिलं नाव वाचलं. एक म्हातारी उठली. साठीच्या पुढची, पुढ्यात पानांचा एवढा मोठा भारा, तो तिनं एका हातानं उचलून बाजूला ठेवला. दुसरं नाव वाचलं. एक तरणाबांड माणूस झाडावरून उतरला. तिसरी बाई लेकराला पाजत होती आणि दुसऱ्या हातानं पुडे बांधत होती. चौथा आमच्या ड्रायव्हरशी जीप ढकलून बघायची पैज लावत होता. साहेब एकेकाच्या डोळ्यांखालची कातडी ओढून बघत होते आणि एकेकजण जास्तच ठणठणीत निघत होता.

"हे मरायला टेकलेले आहेत?" ड्रायव्हर माझ्या कानात म्हणाला. "यायच्यापेक्षा मीच बिमार दिसतो."

सहाव्या नावाला कुणी उठलं नाही. म्हातारी म्हणाली, "तो तं होळीपासून सासऱ्याच्या गावी हाये. तिथंच राह्यते आता."

"मग त्याचं रक्त गेल्या आठवड्यात कसं घेतलं?" साहेबांनी विचारलं.

सगळ्या गावानं भाऊकडे पाहिलं. भाऊनं आपल्या चपलांकडे पाहिलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी ती अकरा काचांची मुंबई, गाड्या, सगळं धाडकन खाली आलं. पहाटे साऱ्या घरांची दारं नुसती लोटलेली, माणसं जंगलात. हा घरोघरी फिरणार, पण टोचणार कुणाला? दुपारी परतलेली माणसं पुडे बांधायचे सोडून बोट थोडंच देणार? आणि महिन्याच्या ठरल्या तेवढ्या काचा तर भरून पाठवायच्या. कुणा एकाच्याच रक्ताच्या या अकरा काचा होत्या.

मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल? हसू आलं. दाबून धरलं तरी नाकातून बाहेर पडलं. साहेबांचा चेहरा मात्र तांबडा झाला.

"हे रक्त कुणाचं आहे?"

भाऊनं दोन्ही मुठी मिटून पाठीमागे घेतल्या. खोट्या काचा म्हणजे नोकरी गेली, हे त्यालाही माहीत होतं आणि गावालाही. हा माणूस त्यांना आवडायचा. रात्री-बेरात्री गोळ्या द्यायचा, पत्रं वाचून दाखवायचा, सायकलवर बसवून बाळंतिणीला दवाखान्यात आणायचा. म्हणून मग जे झालं ते असं झालं. म्हातारी पुढे आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माह्यं हाये. मीच देल्लं."

"माह्यं हाये," झाडावरून उतरलेला म्हणाला.

"माह्यं पन."

"माह्यंबी."

लेकराला पाजणारी बाई म्हणाली, "माह्यं, अन या लेकराचंबी." लेकराचं नाव यादीत नव्हतंच. सासऱ्याच्या गावी गेलेल्याचा भाऊ उठला, "त्याच्या वाट्याचं मी देल्लं, साहेब. घरचंच रक्त हाये." मग ज्यांची नावं यादीत कुठेच नव्हती तेही उठून सांगायला लागले. दहा मिनिटांत साऱ्या गावाला ब्लड कॅन्सर झाला. ड्रायव्हर जीपच्या बॉनेटवर डोकं टेकून हसत होता.

साहेब ओरडले, "अहो, ऐका! ज्याचं हे रक्त आहे तो फार आजारी आहे. आज ठीक दिसतो. पण औषध नाही केलं तर मरेल. मला नोकरीचं काही विचारायचं नाहीये. मला फक्त तो माणूस द्या."

साहेबांचं बोलणं गावाला समजलं नसेल म्हणून मी आमच्या बोलीत सांगितलं, "हा खेळ नोय, माय. ज्याचं रक्त हाये तो मरून राह्यला."

पुडे बांधणारे हात थांबले. आता कुणी "माह्यं" म्हणेना. म्हातारी भाऊकडे गेली, त्याचं मनगट धरलं आणि म्हणाली, "बोटं दाखव रे."

त्यानं मूठ उघडली नाही. तिनं उघडली. एकेक बोट उलगडत गेली. दर बोटाच्या टोकावर काळपट ठिपका. डाव्या हाताची पाच, उजव्या हाताची पाच. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर दोन.

मी म्हटलं, "भाऊ, एकदाच टोचून अकरा काचा झाल्या असत्या ना! दहाही बोटं कशाला भोसकली?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वाईट सुचवलं.

"तसं कसं, बाई? एकाच टोच्यात अकरा मानसं म्हंजे सरासर बेइमानी झाली. दरेकाच्या नावानं अलग बोट टोचलं मी. अकराव्याले बोट नाई उरलं, म्हनून एक दोनदा टोचलं."

मी आता पोट धरून हसले. म्हातारी हसली, ड्रायव्हर हसला, साहेबांचाही चष्मा नाकावरून घसरला. आणि हसता हसता माझी नजर त्याच्या पोटावर गेली. सरकारी पगाराचं पोट. ज्यावर मी वर्षभर विनोद केले होते.

साहेबांचीही नजर तिथेच गेली असावी. त्यांनी त्याला तिथंच, पानांच्या ढिगाऱ्याशेजारी, बाजेवर आडवं केलं, शर्ट वर सारला आणि हातानं चाचपलं. पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून बेंबीच्या खाली उतरलेली.

"किती दिवस झाले पोट वाढून?"

"वर्षभर. मले वाटलं, खाऊन-पिऊन सुखी हाये."

"ताप यायचा?"

"येत होता. मलेरियाच असन म्हनून स्वतःच गोळ्या खात होतो. मले मलेरियाची मायती हाये ना, साहेब."

आमच्याकडे हेच व्हायचं. पानथरी वाढली, मलेरिया. ताप, मलेरिया. अंगात रक्त नाही, मलेरिया. खरंही असायचं बहुतेकदा. पण त्या बहुतेकांच्या आड किती जण तसेच गेले असतील, कुणी मोजले? परतताना मी साहेबांना विचारलं, "हा रोग होतो तरी किती जणांना?"

ते म्हणाले, "फार थोड्यांना, बाई. पण इथं नक्की किती, ते मला विचारू नका. इथं कुणी शोधलंच नाही."

मागच्या सीटवर भाऊ बसला होता, सोबत त्याची वळकटी. त्याच्या एका बाजूला म्हातारी आणि दुसऱ्या बाजूला तो पैजवाला. त्याला एकट्याला पाठवायला गाव तयार नव्हतं. जीपमध्ये जागा असती तर सगळेच आले असते. भाऊ मध्येच पुढे वाकून म्हणाला, "बाई, माह्या अकरा काचांत मलेरिया निघाला का हो?"

"नाही."

"एकातबी नाई?" तो खूश झाला. "म्हंजे गाव साफ हाये!"

ड्रायव्हरनं जीप बाजूला घेऊन थांबवली. हसून हसून त्याला पुढचं दिसत नव्हतं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की रोग तोच आहे, पण सावकाश चालणारा प्रकार. मुळापासून जात नाही, गोळ्यांनी दाबून ठेवता येतो. किती वर्षं, ते सांगता येत नाही. कोरपन्याहून बायको आली, ती आधी रडली आणि मग त्याच्या दहा बोटांवरून त्याला अशी बोलली, की वॉर्डातल्या नर्स ऐकायला उभ्या राहिल्या. साहेबांनी वर कळवलं. त्याला एक मेमो मिळाला, नोकरी राहिली. मेमोचा कागद तो खिशात घालून फिरायचा आणि कुणालाही दाखवायचा. "या कागदानं जीव वाचवला माह्या," म्हणायचा. कागदानं नव्हता वाचवला, बेइमानीनं वाचवला होता. रोज इमानदारीनं दुसऱ्यांची बोटं टोचली असती तर त्याचं स्वतःचं रक्त माझ्या काचेखाली कधीच आलं नसतं. स्वतःचं रक्त कोण पाठवतो?

गोळ्यांनी त्याला वर्षं दिली. थोडी नाहीत, फार नाहीत. थोरल्या पोरीचं लग्न त्यानं उभं राहून लावलं आणि जेवणाच्या पंगतीत मला मोठ्यानं "आमच्या बी.एस्सी. बाई" म्हणून ओळख करून दिली. आणि मी? त्या मे महिन्यानंतर प्रत्येक काचेवर जंतूबरोबर पांढऱ्या पेशीही बघायची सवय लागली. त्याला रकाना नव्हताच, मी समासात लिहायची. पुढच्या साऱ्या नोकरीत असे किती सापडले म्हणाल, तर एका हाताची बोटंही भरली नाहीत. त्यातल्या एका पोरीचं तर वय लिहितानाच माझी पेन्सिल मोडली होती. पण ती गोष्ट आज नाही.

आजची गोष्ट त्याच वर्षीच्या दिवाळीच्या आधीची. धान कापणीला आलं होतं. भाऊ कामावर परत रुजू झाला होता, पोट आत गेलेलं, शर्ट ढगळ. त्याचा पहिला डबा आला. मी दार लावून घेतलं. एकेक काच लावली. पहिलीत जंतू, दुसरीत नाही, तिसरीत नाही, चौथीत जंतू. एकीसारखी दुसरी नव्हती. कुठे रक्त फिकं, कुठे गडद, कुठे थेंब जाड पसरलेला. खरी माणसं होती. म्हातारीचीही काच होती, तिला ताप नसतानाही पाठवलेली.

शेवटची काच लावण्याआधी यादी पाहिली. बाराव्या नंबरापुढे त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं. वय, गाव, पुरुष. ताप: नाही. शेऱ्यात, सुवाच्य अक्षरात: "हे रक्त खरोखर माझेच आहे."

डोळा लावला. तांबड्या पेशींचा बाजार भरला होता आणि त्यात टोपीवाला एखाद-दुसराच. काच सरकवली. तिथेही एखाद-दुसराच. मी शंभर ठिकाणी बघितलं, मग पुन्हा पहिल्यापासून बघितलं, मग एकटीच त्या खोलीत इतकी मोठ्यानं हसले, की साहेब इंजेक्शन अर्धवट सोडून धावत आले.

रजिस्टरात लिहिलं: मलेरिया, नाही. समासात लिहिलं: पांढऱ्या पेशी बेताच्या. खाली सही केली, आणि कुणी मागितलं नव्हतं तरी सहीपुढे लिहिलं, बी.एस्सी.